कापडाचं छप्पर

पत्र्याच्या छपराची गाडी असली तर चोर काच फोडतो.
कापडी छपराला तेवढेही कष्ट नाहीत.
हे मी मिनेझिसबाबांना फोनवरच सांगितलं असतं,
पण ते म्हणाले, तू ये आणि बघ.

दुपारच्या बसने म्हापशाहून हळदोण्याला गेलो.
पिशवीत मेणाचा दोरा, तीन वाकड्या सुया
आणि दोन वार कॅनव्हास,
म्हणजे ताडपत्रीची शिकलेली बहीण.

निरफणसाखाली गाडी. लाल.
दोन्ही दारांना कुलूप,
स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा,
मागच्या चाकातून साखळी नेऊन
बुंध्याला बांधलेली,
जसा काही वळूच.
आणि छपराच्या मधोमध हातभर चीर.
तिच्यातून एक पान आत पडलं होतं,
ड्रायव्हरच्या सीटवर, ऐसपैस.

काय काय गेलं?
एक छत्री.
दिवाडीच्या फेरीसाठी ठेवलेली चिल्लर.
पेपरमिंटचं अर्धं पाकीट.
शिवायचे माझे साडेचार हजार.

मिनेझिसबाब हसले नाहीत.
तीस वर्षं बोटीवर इंजिनियर होते,
बाहेरचं आत येऊ न देणं
हीच त्यांची नोकरी.

मी चिरेवरून बोट फिरवलं.
सुरी असती तर धागे ओढले गेले असते.
ही कड केळीच्या पानासारखी.
रापी. दगडावर लावून
चामड्यावर दोनदा पुसलेली.
चीर उजवीकडून डावीकडे गेलेली,
आणि शेवटाला एक बारीक आकडा,
बोटाच्या नखाएवढा.

तो आकडा मोडायला मी दोन वर्षं ओरडलो.
सोयरू, हात उचल, मग थांब.
सोयरू, कापड संपतं तिथे तू का वळतोस?
सत्तरीचा पोर, डावखुरा, कमी बोलणारा.
चवथीआधी त्याने उचल मागितली.
मी म्हटलं, चवथ होऊ दे, मग बघू.
चवथ झाली. तो आला नाही.
रापी मीच दिलेली, पहिल्या पगाराला.

"कोण रे असेल?" मिनेझिसबाबांनी विचारलं.
माझ्या तोंडात दोरा होता.
तोंडात दोरा असला की बोलता येत नाही,
आमच्या धंद्यात एवढी सोय आहे.

उन्हं नारळांच्या मागे जाईपर्यंत शिवत होतो.
आतून पट्टी, वरून पट्टी, मध्ये चीर,
आता कुणाला दिसणार नाही.
आकड्याला मी टाके जास्त घातले.

निघताना म्हटलं, बाब, कुलूप लावू नका.
आतलं सगळं घरात न्या,
पुढचा कप्पा सताड उघडा ठेवा, रिकामा दिसू दे.
बॅटरीची तार सोडा, म्हणजे गाडी कुठे जात नाही.
साखळी काढा, झाडाला वळ पडलेत.
दार ओढलं की उघडलं पाहिजे.
आला, त्याने बघावं आणि जावं.

"म्हणजे चोराला या बसा म्हणायचं?"
म्हटलं, "म्हणजे त्याला रापी काढायला लावायची नाही."

सुरी म्हणायला हवं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
इंजिनाच्या आवाजावरून
गळती कुठे आहे ते ओळखणारा माणूस.
काही बोलले नाहीत.
पैसे मोजून दिले,
वर पेपरमिंटची एक गोळी.

परवा त्यांचा फोन आला.
दार रोज उघडंच असतं म्हणाले.
आत कुणी बसत नाही,
फक्त पोदेर पाव ठेवून जातो, कुत्री पोचत नाहीत म्हणून.
झोप मात्र लागत नाही.

माझीही तीच गत.
शटरला कुलूप लावतो, ते पत्र्याचं आहे.
पण मागच्या खिडकीची कडी काढलेली असते,
आणि मशीनच्या खणात दोन हजार.
खणाला किल्ली नाही. दसरा गेला.

खिळ्यावर डावखुरी कात्री आहे,
बेळगावहून मुद्दाम आणलेली.
माझ्या हाताला ती चालत नाही.
उघडझाप करून ठेवतो तेवढी.